डाळिंबाच्या सालीचा अर्क आणि रक्त गोठण्याचा वेळ

प्रश्न (विद्यार्थिनी, पुणे)

नमस्कार. मी जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करीत आहे. मार्केट यार्डातून आणलेल्या डाळिंबांच्या साली वाळवून मी त्यांचा मिथेनॉलमध्ये अर्क काढला आणि तो सायट्रेट (गोठणे रोखणारे द्रव्य) घातलेल्या प्लाझ्मात, म्हणजे पेशी वगळलेल्या रक्तद्रवात मिसळून प्रोथ्रॉम्बिन टाइम (गुठळी धरायला लागणारा वेळ मोजणारी एक चाचणी) मोजला. नुसत्या प्लाझ्माला १३ सेकंद लागले. अर्काची मात्रा वाढवली तसा वेळ वाढत गेला आणि शेवटच्या नळीत मिनिट उलटूनही गुठळी धरली नाही. एपीटीटी (गोठण्याचा वेळ मोजणारी दुसरी चाचणी) मात्र कमी मात्रेत उलट किंचित घटला, त्याचा अर्थ मला लागत नाही. सालीतील फिनॉलिक द्रव्ये (टॅनिन वगैरे) वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधासारखी काम करतात, असे प्रबंधात लिहावे का? शिवाय माझ्या आजोबांना हृदयाची कृत्रिम झडप आहे, ते वॉरफरिन घेतात, आणि हे ऐकल्यापासून सालीचा काढा घ्यायचे त्यांच्या मनाने घेतले आहे.

उत्तर १ (रक्तचाचण्यांच्या प्रयोगशाळेतून)

‘वॉरफरिनसारखी’ हा शब्द कृपया काढून टाका. वॉरफरिन यकृतात के जीवनसत्त्वाचा पुनर्वापर अडवते, त्यामुळे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांपैकी २, ७, ९ आणि १० हे घटक नीट तयार होत नाहीत, आणि म्हणूनच त्याचा परिणाम दिसायला काही दिवस जातात. तुमच्या नळीत यकृतच नसल्याने त्यात प्रत्यक्ष वॉरफरिन टाकले असते तरी वेळ वाढला नसता.

सालीत टॅनिन मुबलक असते आणि ते प्रथिनांना बिलगते. झाडांच्या सालींनी कातडी कमावण्याची पद्धत याच गुणावर उभी आहे. ज्या प्रथिनापासून गुठळीचे धागे बनतात ते फायब्रिनोजेनच टॅनिनने अडकवले, तर गुठळी धरणार कशाने? एपीटीटीचे कोडे त्याहून रंजक आहे. सालीतले एलाजिक आम्ल घटक १२ ला चेतवते, इतके की काही कंपन्यांच्या एपीटीटी अभिकर्मकात तेच चेतक म्हणून घातलेले असते. म्हणजे ज्याला आपण रक्त पातळ करणारे समजत होतो, ते एका चाचणीत गोठण्याची घाई करते.

तेव्हा पॉलिव्हिनायलपॉलिपायरोलिडोनने (टॅनिन शोषून घेणाऱ्या भुकटीने) टॅनिन काढून चाचणी पुन्हा करा, सोबत नुसत्या मिथेनॉलची नळी ठेवा आणि पीएच तपासा. यंत्र गुठळी प्रकाशाच्या साहाय्याने ओळखणारे असेल तर गढूळ, रंगीत अर्कामुळे त्याची फसगत होऊ शकते.

उत्तर २ (औषधशास्त्राचा अध्यापक)

वरील मुद्दे मान्य आहेत, पण सगळाच परिणाम आभासी ठरवण्याची घाई नको. ॲस्पिरिनने प्रोथ्रॉम्बिन टाइम बदलत नाही, कारण त्याचे काम प्लेटलेटवर, म्हणजे एकत्र येऊन रक्तस्राव थांबवणाऱ्या रक्तकणिकांवर चालते. क्वेर्सेटिन (आणखी एक वनस्पतिजन्य फिनॉलिक द्रव्य) किंवा हळदीतील कर्क्युमिन यांचा प्रयोगशाळेत दिसलेला परिणामही मुख्यतः प्लेटलेट एकत्र येण्यावरचा आहे, आणि तो पाहायचा तर प्लेटलेटयुक्त प्लाझ्मा व ॲग्रिगोमीटर (प्लेटलेट एकत्र येणे मोजणारे यंत्र) लागतो. पोटात गेल्यावर चित्र आणखी बदलते: डाळिंबातील मोठी टॅनिने जशीच्या तशी रक्तात उतरत नाहीत, आतड्यातील जिवाणू त्यांची युरोलिथिने नावाची लहान संयुगे करतात.

आजोबांना काढा देऊ नका. कृत्रिम झडप असलेल्यांचा आयएनआर (प्रोथ्रॉम्बिन टाइमवरून काढलेला, वॉरफरिनचा परिणाम दाखवणारा आकडा) ठरलेल्या पट्ट्यातच राहावा लागतो, हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील मायट्रल झडपेसाठी बहुधा २.५ ते ३.५, तो खाली घसरला तर झडपेवर गुठळी होण्याचे आणि वर गेला तर रक्तस्रावाचे भय असते. कोणताही काढा किंवा चूर्ण त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि के जीवनसत्त्व असलेली पालेभाजीही रोजच्या बेतानेच असू द्या.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. टॅनिन काढल्यावर शेवटच्या नळीचा वेळ १५ सेकंदांवर आला आणि नुसत्या मिथेनॉलच्या नळीचा १४ भरला. प्रकरणाचे शीर्षक बदलले आहे; वाळवलेल्या साली आजोबांच्या हाती लागू नयेत म्हणून प्रयोगशाळेत नेऊन ठेवल्या आहेत.