मालदीव, जानेवारी, दोघंच: ऑल इन्क्लुझिव्ह घ्यावं का?

कोथिंबीरवडी
जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात लग्नाला पंचवीस वर्षं होताहेत. लेक होस्टेलवर आहे, सासूबाई आपणहून नणंदेकडे जायला तयार झाल्यात. हा योग परत यायचा नाही, म्हणून पाच रात्री मालदीव असं ठरवलंय. मुंबईहून थेट विमान आहे आणि आपल्याला व्हिसा तिथे उतरल्यावर फुकट मिळतो, इतपत कळलं. पुढे रिसॉर्टांच्या जाहिराती बघून डोळे गरगरले. सगळीकडे तेच निळं पाणी आणि तोच झोपाळा.

एजंट म्हणतो, ऑल इन्क्लुझिव्हच घ्या, खिशात हात घालायला नको. नुसत्या तीन वेळच्या जेवणाच्या फुल बोर्डपेक्षा दोघांचे मिळून रोज 160 डॉलर जास्त पडताहेत. मी शाकाहारी, अंडं चालतं, दारू नाही. नवरा मासे खातो, बिअर एखादी, तीही कोणी सोबत असेल तर. पोहायला दोघांनाही येत नाही. त्यात एक संकष्टीही येतेय. पैसे वसूल होतील का?

खाडीकाठ
ताई, ते नंतर. आधी एजंटला विचारा की बेट विमानतळापासून किती लांब आहे आणि तिथे नेणार कसे. तिकडे एक बेट म्हणजे एक रिसॉर्ट. जवळच्या बेटांवर स्पीडबोट जाते, लांबच्यांवर सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं विमान. सीप्लेनचं जाऊन-येऊन भाडं माणशी साधारण 400 ते 600 डॉलर, आणि पॅकेजच्या ठळक आकड्यात ते बऱ्याचदा धरलेलं नसतं. शिवाय ते फक्त उजेडी उडतं. तुमचं विमान दुपारी साडेतीन-चारनंतर टेकलं, तर रात्र राजधानी माले नाहीतर विमानतळाजवळच्या हुलहुमालेच्या हॉटेलात काढायची, आणि रिसॉर्टची भरलेली ती रात्र गेली पाण्यात. पाचच रात्री असतील तर मी डोळे मिटून स्पीडबोटीचं बेट घेईन.

चपला_हातात
खाडीकाठ, हिशेब बरोबर, पण सीप्लेनला एवढं झोडपू नका हो. पंधरा-एक माणसांचं ट्विन ऑटर, आत उकडतं, आवाज असा की कानात बोळे घालावे लागतात, आणि पायलट चक्क अनवाणी! खाली प्रवाळाची कडी पसरलेली दिसतात, रांगोळीचे ठिपके जोडावेत तशी. माझी बायको घाटात गाडीत बसली तरी आवळासुपारी चघळते, ती अर्धा तास काचेला नाक लावून बसली होती. सामान मात्र 20 किलो, हातातलं 5, त्यावर वजन भरलं की पैसे. साड्या घरी ठेवा.

पिठलंभाकरी
आम्ही 'आपण कुठे पितो' म्हणून शहाणपणा करून फुल बोर्ड घेतलं. पहिल्या रात्री जेवताना वेटरने हसतमुखाने काचेची बाटली उघडली, पाणी ओतलं, आम्ही 'थँक्यू' म्हणालो. सकाळी खोलीच्या खात्यावर 7 डॉलर. साधं पाणी! फुल बोर्ड म्हणजे तीन वेळचं जेवण, प्यायचं वेगळं. दुपारचा चहासुद्धा वेगळा. चौथ्या दिवशी हे नाश्त्याच्या टेबलावरून चहा थर्मासमध्ये भरायला लागले. मी ओळख दाखवली नाही.

दरापुढे दोन अधिकचिन्हं दिसली तर समजून जा. आधी 10 टक्के सेवाशुल्क, मग त्या बेरजेवर 17 टक्के कर. म्हणजे 100 डॉलरची वस्तू जवळजवळ 129 ला. शिवाय रिसॉर्टमध्ये ग्रीन टॅक्स माणशी रोज 12 डॉलर, तुमचे पाच रात्रींचे 120. पॅकेजात धरलाय का ते लेखी घ्या.

खाडीकाठ
मग मांडूच हिशेब. रोज पाण्याच्या चार बाटल्या 28, दोन चहा 16, दोन ज्यूस 28, साहेबांच्या दोन बिअर 24. झाले 96. कर-शुल्क धरून सुमारे 124. म्हणजे 160 वसूल व्हायचे तर स्नॉर्केलिंगची फेरी किंवा संध्याकाळची डॉल्फिनची बोट त्यात हवी. नसेल तर तुम्ही शेजारच्या टेबलावरच्या लोकांच्या कॉकटेलचे पैसे भरताय. मधली सोयही असते, काही ठिकाणी तिला 'फुल बोर्ड प्लस' म्हणतात: पाणी, चहा-कॉफी, साधी पेयं आत, दारू बाहेर. एजंट आपणहून सांगणार नाही, त्याचं कमिशन बुडतं.

आणि शेवटच्या दिवशी खोली बाराला सोडली की तुमचं 'सगळं आत' बऱ्याचदा तिथेच संपतं. बोट संध्याकाळची असेल तर मधलं जेवण कोणाच्या खात्यावर, ते आत्ताच विचारा.

मालवणी_खाजा
एवढ्या पैशात तारकर्लीला महिनाभर राहून, मासे खाऊन, वर म्हैस येईल.

कोथिंबीरवडी
@मालवणी_खाजा, म्हैस सासूबाईंना आवडेल, विचारते. :)
खाण्याचं कोणी सांगेल का? आणि पोहता येत नाही तर जाण्यात अर्थ आहे ना?

बुडबुडा
मी डायव्हिंगसाठी चार वेळा गेलोय, म्हणून बोलतो. न पोहणाऱ्यांनी मोठ्या, उथळ लगूनचं बेट बघावं; लगून म्हणजे प्रवाळाच्या कड्याच्या आतलं शांत पाणी. हाऊस रीफ, म्हणजे बेटाभोवतीचा प्रवाळ, किनाऱ्याला चिकटून असेल तर आम्ही खूश, पण तुम्हाला चार पावलांवर खोल पाणी. लगूनमध्ये कमरेएवढ्या पाण्यात लाइफ जॅकेट घालून, तोंड खाली करून नुसतं तरंगायचं. घोट्याएवढ्या पाण्यात काळ्या टोकाच्या पंखांची हातभर शार्कची पिल्लं फिरतात. घाबरू नका, तीच तुम्हाला घाबरून पळतात. दोघांना लांब बाह्यांचे पोहण्याचे टीशर्ट घ्या, तरंगताना पाठ भाजते ते संध्याकाळी कळतं.

डिसेंबर ते एप्रिल तिकडे कोरडा हंगाम, म्हणजे तुमचा महिना उत्तम. नाताळ आणि नववर्षाच्या आठवड्यात 'गाला डिनर' सक्तीने बिलात घुसवतात, त्यातूनही तुम्ही सुटलात. फक्त 'मांटा (पंखांसारखे पर असलेले मोठे चपटे मासे) बघायला मिळतील' असं सांगून कोणी बा अटॉल या बेटसमूहातलं महाग बेट गळ्यात मारलं तर घेऊ नका. तिथल्या हनिफारू बे या उपसागरातल्या मांटांचा मोसम जून ते नोव्हेंबर.

प्रवाळाचा तुकडा, शिंपला काहीही बॅगेत टाकू नका, विमानतळावर पकडतात. दारू आणि ई-सिगारेट इथून न्यायची नाही.

पिठलंभाकरी
खाण्याचं मी सांगते. नाश्त्याला खोबरं, कांदा, मिरची आणि लिंबू कालवलेलं एक प्रकरण असतं, सोबत पोळीसारखी रोशी. दिसायला थेट आपली ओल्या नारळाची चटणी. मी दोन चमचे वाढून घेतले. ती मस हुनी, आत टूना. तिकडच्या चहाबरोबरच्या तळणीतही टूना सापडतो. बुकिंग करतानाच 'मासा, सुकट, फिश सॉस काही नको' असं लिहून कळवा. आमच्याकडे स्वयंपाकघरात केरळचा एक आचारी निघाला, त्याने वेगळं वरण केलं, तेही मागायची लाज सोडल्यावर.

चपला_हातात
विमान सुटायच्या आधी 96 तासांच्या आत 'इमुगा' या मालदीव सरकारच्या साइटवरचा प्रवासी फॉर्म भरायचा, जाताना आणि येताना दोन्हीकडे. तो फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. परतीचं तिकीट आणि बुकिंगची प्रत हाताशी ठेवा.

कोथिंबीरवडी
सगळ्यांचे आभार. स्पीडबोटीचं, मोठ्या लगूनचं बेट, फुल बोर्ड प्लस. एजंटचा चेहरा पडला. आल्यावर लिहीन.

कोथिंबीरवडी
आलो परत! उशीर झाला लिहायला, लेकीच्या परीक्षा होत्या.

पाण्याला एक डॉलर लागला नाही. बिअर यांनी पाच दिवसांत तीन घेतल्या, म्हणजे ऑल इन्क्लुझिव्हचे जादा पैसे वाचले ते वाचलेच. बोटीच्या वेळेचा घोळ मात्र झालाच: पाच वाजता सुटणार म्हणाले, साडेसहाला सुटली, तोवर सामानाच्या राशीशेजारी बसून होतो. मस हुनी लांबूनच ओळखली, पिठलंभाकरीचं नाव काढून हसले.

पाण्यात हे आधी उतरायलाच तयार नव्हते. तिसऱ्या दिवशी जॅकेट घालून उतरले आणि मग दीड तास बाहेर येईनात. तोंड वर काढून मला एवढंच ओरडून सांगितलं, 'अगं, खाली पापलेटासारखे पिवळे!' रंगीत मासे बघूनसुद्धा माणसाला बाजारच आठवला.

संकष्टीची गंमत सांगायची राहिली. मालदीवचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, पण आमच्या रिसॉर्टने दिवसाचा उजेड जास्त मिळावा म्हणून आपलं घड्याळ मालेपेक्षा एक तास पुढे ठेवलेलं. कॅलेंडरातली चंद्रोदयाची वेळ मुंबईची. यांचं मनगटी घड्याळ भारताचं, माझा फोन मालेचा, जेवणाच्या हॉलमधलं तिसरंच. शेवटी फळांची ताटली घेऊन जेट्टीवर जाऊन बसलो. आडवं काही नव्हतंच, ना इमारत ना झाड. पाण्याला टेकलेला, केशरी आणि थोडा कातरलेला वर आला. यांनी टॉर्च धरला आणि मी पपई खाल्ली.