मदत हवी आहे: ऑक्टाव्हिया व्हीआरएसचा टर्बो गेला, मोठा टाकू की आहे तोच दुरुस्त करू?

नमस्कार मंडळी,

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस, २००५ ची. १.८ टर्बो पेट्रोल, १५० पीएस, पाच गिअर, १ लाख ४२ हजार किलोमीटर. मी नागपूरचा, त्रिमूर्तीनगरला राहतो. गाडी बाबांनी नवी घेतलेली. पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओच्या खेपा घालून पुनर्नोंदणी केली, तेव्हा विकण्याचा विषयच नाही. एरवी ऑफिस, भाजी, लग्नकार्य, सगळं हिच्यावरच. आणि वर्षातून एक-दोनदा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर घेऊन जातो. जाणं-येणं याच गाडीने, एका बाजूचे साधारण १,१०० किलोमीटर. ट्रेलरवर नेणं मला परवडत नाही. सल्ला देताना एवढी गोष्ट लक्षात असू द्या, कारण ट्रॅकवर काही तुटलं तर मी घरापासून अकराशे किलोमीटरवर अडकतो.

फेब्रुवारीत काय झालं ते सांगतो. ३.७ किलोमीटरचा तो ट्रॅक. पहिल्या दोन लॅप गाडी मस्त पळाली. तिसऱ्या लॅपला सरळ पट्ट्यात जीवच राहिला नाही, पाय पूर्ण दाबलेला आणि गाडी ओढतच नाही. लॅपटॉप लावून ठेवला होता. व्हीसीडीएसच्या (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) ०२० ब्लॉकमध्ये नॉकमुळे (पेट्रोल आपोआप, भलत्या वेळी पेटणं) टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, ९ ते १० अंश मागे घेतलेलं दिसलं, तेही दोन सिलिंडरवर. आत जाणारी हवा ६८ अंश. ११५ ब्लॉकमध्ये मागितलेला आणि मिळालेला बूस्ट (टर्बो इंजिनात दाबून भरतो त्या हवेचा दाब) ५,००० आरपीएमपर्यंत बरोबर, त्याच्या वर २०० मिलिबारची तूट. परत येताना आदिलाबादजवळ डिपस्टिक पाहिली तर अर्धा लिटर ऑइल टाकावं लागलं. आता सकाळी गाडी चालू केली की मागून निळसर धूर येऊन राहिला आहे.

परवा हिंगणा रोडच्या मिस्त्रींकडे इंटरकूलरचा (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारी जाळी) खालचा पाइप काढला. मिस्त्रींनी पाइप तिरका केला आणि माझ्या तळहातावर दोन-तीन चमचे काळं ऑइल सांडलं. मग टर्बोच्या तोंडाशी बोट घालून चाक हलवून पाहिलं. बाजूला हलतं, आणि आत-बाहेर दाबलं की टक् असा बारीक आवाज येतो. बॅटरीच्या उजेडात हाउसिंगच्या आत एका बाजूला चंद्रकोरीसारखा चकचकीत ओरखडा दिसला. म्हणजे पाती घासली आहेत. हे पाहून पोटात गोळा आला.

आता तीन जणांची तीन मतं. मिस्त्री म्हणतात, ऑनलाइन बिनब्रँडचा टर्बो मागवा, पाव किमतीत काम होईल. एक मित्र म्हणतो, आता खोलतोच आहेस तर के०४ (बराच मोठा टर्बो) टाक, अडीचशे हॉर्सपॉवर काढ. माझा कल के०३एस कडे, म्हणजे आताच्या के०३ पेक्षा थोड्या मोठ्या टर्बोकडे आहे. युरोपातल्या १८० पीएसच्या व्हीआरएसला तोच येत होता आणि याच मॅनिफोल्डवर बसतो. बजेट सगळं मिळून दीड लाख.

मला विचारायचं आहे ते हे. के०३एस नागपूरच्या उन्हात खरंच उपयोगाचा ठरेल, की मे महिन्यात ४५ अंशांना तोही तितकाच गुदमरेल? कंपनीचा इंटरकूलर बंपरच्या कोपऱ्यात, चाकासमोर, जेमतेम वहीएवढा आहे. आधी तो बदलावा का? आणि पंपावर आता सगळीकडे ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल), गाडी २००५ ची. ०३२ ब्लॉकमधला फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतो-घटवतो तो आकडा) अधिक ११ टक्क्यांवर गेला आहे. अशा स्थितीत ट्यूनिंग (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवणं) करणं शहाणपणाचं आहे का?

ज्यांनी स्वतः हे काम केलं असेल त्यांनी जरूर लिहा. आगाऊ आभार.

प्रतिसाद

भाऊ, इतक्या व्यवस्थित नोंदी ठेवून प्रश्न विचारलात म्हणून सविस्तर लिहितो. माझ्याकडे हेच इंजिन बारा वर्षं होतं.

सगळ्यात आधी, टर्बो कशामुळे गेला ते शोधा. शाफ्ट बाजूला किंचित हलणं नॉर्मल असतं, कारण ती ऑइलच्या थरावर तरंगते. आत-बाहेर हलणं आणि पाती घासणं मात्र नॉर्मल नाही, तेव्हा तुमचा टर्बो संपला हे नक्की. पण या इंजिनात ऑइलचा गाळ साचून पॅनमधली पिकअपची जाळी (पंप जिच्यातून ऑइल ओढतो ती) चोंदते. टर्बोला जाणारी ऑइलची बारीक नळी एक्झॉस्टच्या जवळून जाते, तिच्यातही ऑइल जळून कोळसा होतो. ऑइल पॅन न खोलता आणि ती नळी न बदलता नवा टर्बो बसवलात तर तोही थोड्याच दिवसांत त्याच वाटेने जाईल, मग तो कितीही महागाचा असो.

२०० मिलिबारची तूट सगळी टर्बोच्या माथी मारू नका. डायव्हर्टर व्हॉल्व्हचा (पाय काढला की जादा दाब सोडणारी झडप) पडदा फाटतो, ब्रीदरचे (इंजिनातली वाफ वाहून नेणारे) रबरी पाइप तडकतात. टर्बो उतरवायच्या आधी हवेचा दाब देऊन गळती तपासून घ्या.

आता उन्हाचं. बाहेर ४५ अंश, बूस्ट ०.६ बार आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर हवा कॉम्प्रेसरमधून साधारण ११० अंशांची होऊन निघते. त्याच छोट्या टर्बोला चिप टाकून १ बारपर्यंत पिळलं, कार्यक्षमता ६५ वर आली, की तीच हवा दीडशेच्या वर जाते. ही उष्णता तुमचा वहीएवढा इंटरकूलर दोन लॅप शोषतो आणि तिसऱ्या लॅपला हात टेकतो. नेमकं हेच तुमच्या लॉगमध्ये दिसतं आहे. के०३एस तेवढीच हवा कमी कष्टात देतो, म्हणून वरच्या आरपीएमला तो बरा. पण इंटरकूलर तोच ठेवलात तर चौथ्या लॅपला तुम्ही पुन्हा तिथेच. माझ्या मते पैसे आधी समोरच्या मोठ्या इंटरकूलरवर घाला.

बिनब्रँडचा टर्बो नकोच. शाफ्ट मिनिटाला दीड लाखाच्या वर फेरे घेते, तिथे बॅलन्सिंग हेच सर्वस्व. के०४ सुद्धा नको. त्याला इंजेक्टर, क्लच, एक्झॉस्ट सगळंच लागतं आणि दीड लाखात ते बसत नाही. खालच्या आरपीएमला एकदम टॉर्क आला की या इंजिनाचे कनेक्टिंग रॉड वाकतात, तेव्हा ट्यूनरला टॉर्क हळूहळू चढवायला सांगा. आकडा कमी दिसला तरी चालेल.

ई२० नॉकच्या दृष्टीने तुमच्या बाजूचंच आहे, ऑक्टेन ९५. पण त्याला पेट्रोल जास्त लागतं, म्हणून ट्रिम अधिकमध्ये गेला. ११ टक्क्यांतला काही भाग हवेच्या गळतीचाही असू शकतो. गळती बंद करा, फिल्टर आणि जुने रबरी फ्युएल पाइप बदला, पंपाचा दाब मोजा, आणि ट्रिम खाली आल्यावरच ट्यूनिंगला हात घाला.

एक राहिलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीत बसत नाहीत असे बदल करता येत नाहीत, आणि नेहमीच्या विम्यात रेसिंग धरलेलं नसतं. तुमची पुनर्नोंदणी पुन्हा येईलच, तेव्हा आरटीओत आधी विचारून घ्या.

धागाकर्ता

दादा, मनापासून धन्यवाद. तुमचा प्रतिसाद वाचून काल रविवारी मिस्त्रींकडे बसून ऑइल पॅन उतरवला. पिकअपची जाळी अर्ध्याहून जास्त काळ्या गाळाने लिंपलेली निघाली. बोटाने खरवडलं तर डांबरासारखं चिकट. ब्रीदरचा एक पाइप मॅनिफोल्डखाली चिरलेला सापडला, हात लावताच तुकडा पडला. टर्बो मागवला असता आणि हे पाहिलं नसतं तर दीड लाख पाण्यात गेले असते.

आता ठरवलं ते असं: नवी जाळी, नवी ऑइल नळी, ब्रीदरचे सगळे पाइप, मग मोठा इंटरकूलर. टर्बोसाठी जुन्या के०३ ला बॅलन्स केलेला नवा कोअर (शाफ्ट आणि चाकांचा मधला भाग), म्हणजे नोंदणीचाही घोळ नको. पण आतून घासलेलं कॉम्प्रेसर हाउसिंग तसंच वापरता येईल का, की तेही बदलावं लागेल? ओरखड्याला नख लावलं की अडकतं. फोटो संध्याकाळी टाकतो.