भांडी घासणं, निष्काम कर्म आणि वू-वेइ: समान धागा नेमका कुठे?

प्रश्न
गीतेतलं निष्काम कर्म, बुद्धांची सति (जागेपणा), चीनमधल्या ताओवाद्यांचं वू-वेइ (जोर न लावता, ओघाने काम करणं) आणि झेन (जपानी बौद्ध ध्यानपरंपरा) यांना रोजच्या कामापुरता काही समान पाया आहे का? ‘शेवटी सगळं एकच’ यावर समाधान होत नाही. करून पाहण्याजोगं काही असेल तर तेही सांगा.

प्रतिसाद १
संस्कृत ‘ध्यान’, पाली ‘झान’, चिनी ‘चान’, जपानी ‘झेन’. हा शब्द बौद्ध भिक्षूंबरोबर खरोखरच चालत गेला. वू-वेइ मात्र चीनच्याच मातीतलं, बौद्ध धर्म तिथे पोचण्याआधीचं. त्यामुळे गीता आणि च्वांग-त्झू (ताओवाद्यांचा जुना ग्रंथ) यांच्यात उसनवारी शोधू नका. जुळतं ते निरीक्षण: मनातला हट्ट मध्ये आला की काम बिघडतं.

च्वांग-त्झूमधला बैल कापणारा आचारी बघा. साधा आचारी महिन्याला सुरी बदलतो, चांगला वर्षाला. याची सुरी १९ वर्षं तीच, कारण हा हाडावर घाव घालत नाही, सांध्यातल्या फटीतून पातं नेतो. अवघड जागा आली की थबकतो, नजर रोखतो, हात अगदी हळू चालवतो. नेमका हाच तपशील गाळला जातो आणि वू-वेइ म्हणजे ‘काही करू नका’ असा अर्थ निघतो.

प्रतिसाद २
करून पाहायचं तर दहा मिनिटांचं एकच काम घ्या. समजा, भांडी. आधी ठरवा की काम झालं म्हणजे काय: पातेल्याच्या काठाखालचा चिकटा बोटाला लागेनासा झाला की झालं. मग लक्ष हातात ठेवा. मन भरकटलं की ‘विचार’ एवढंच म्हणा आणि पुन्हा बोटांवर या. सतिपट्ठान सुत्तात (सतिवरच्या बुद्धांच्या प्रवचनात) चालणं, वाकणं, हात पसरणं, खाणंपिणं, शौचसुद्धा याच जागेपणाखाली येतं.

जपानी झेन गुरू दोगेन यांनी १२३७ साली मठातल्या आचाऱ्यासाठी लिहिलेल्या सूचना याहून बारीक आहेत. तांदूळ धुताना वाळूवर नजर हवी, वाळू काढताना तांदळावर, म्हणजे खडा राहत नाही आणि दाणाही वाया जात नाही.

दोन चुका हमखास होतात. एक, ‘माझं लक्ष आहे ना?’ हे सारखं तपासणं. हे दुसरंच काम होऊन बसतं आणि हात सुटतो. दुसरी, फळाची आसक्ती सोडताना दर्जाही सोडणं. गीतेच्या २.४७ मध्येच अकर्माची ओढ नको असं बजावलंय, आणि २.५० योगाला कर्मातलं कौशल्य म्हणतो.

प्रतिसाद ३
वरचं पटलं, पण हट्ट सोडणारा ‘मी’ कोण, तिथे वाटा फुटतात. गीतेत आत्मा आहे आणि कर्म ईश्वराला अर्पण करायचं आहे. बुद्ध अनत्ता (कायमचा ‘मी’ नसणं) सांगतात, तिथे अर्पण करणारा कायमचा कुणी सापडतच नाही. सावता माळ्यांना मळ्यातल्या भाजीत विठाई दिसते. ही भक्ती आहे, तिला झेन म्हणणं दोघांवरही अन्याय. पातेलं घासण्यापुरतं बोलायचं तर हा वाद आड येत नाही. मरणाबद्दल बोलायला लागलात की लगेच येतो.