मदत हवी आहे: सुबाभळीच्या पाल्यावर शेळ्यांचे केस गळताहेत

माळरान: बंदिस्त उस्मानाबादी शेळ्या, सरासरी वजन ३० किलो. कडबा परवडेना म्हणून बांधावरच्या सुबाभळीचा पाला पोटभर टाकतोय, वर मूठभर मका. आता दोघींच्या शेपटीचे आणि पाठीचे केस हातात येतात, एकीच्या तोंडाला लाळ आहे. निम्म्या गाभण आहेत. सुबाभूळ पूर्ण बंद करू का? गिरिपुष्पही भरपूर आहे, पण त्याला तोंड लावत नाहीत.

चारापाणी: आधी दोन गोष्टी तपासा. कातडीवर खपल्या असतील आणि शेळ्या अंग घासत असतील तर ती खरूज. लाळेसोबत जिभेवर किंवा खुरांच्या बेचक्यात फोड असतील तर लाळ्या-खुरकूत, मग आजच डॉक्टर बोलवा.

कातडी स्वच्छ असून केस नुसते ओढताच येत असतील तर दोष सुबाभळीतल्या मिमोसिन या विषाचा. ते केसांच्या मुळाशी पेशींची वाढ थांबवते. कोवळ्या शेंड्यांत आणि बियांत ते सर्वांत जास्त, जून पानांत कमी. शेळीच्या पोटातले जिवाणू मिमोसिन फोडतात, पण त्यातून डीएचपी नावाचे दुसरे विष तयार होते आणि ते थायरॉइडचे काम अडवते. अशा वेळी आयोडीन वाढवून उपयोग होत नाही. गाभण शेळीला हे जास्त महागात पडते: गळ्याला गाठ असलेली, अशक्त करडे होऊ शकतात.

डीएचपी पचवणारे जिवाणू सगळ्याच कळपांत नसतात. १९८० च्या दशकात हवाईतल्या शेळ्यांच्या पोटातले असे जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांत सोडले, तेव्हा तिथला त्रास थांबला. तुमच्या कळपात ते आहेत असे गृहीत धरू नका.

केस गळणाऱ्या दोघींचा आणि सगळ्या गाभण शेळ्यांचा सुबाभूळ आज बंद. वेळीच थांबवला तर केस परत येतात. बाकीच्यांना कायमचा बंद करायची गरज नाही, प्रमाण आवरा.

भरडा: प्रमाणाचा हिशेब असा. ३० किलोची शेळी वजनाच्या ४ टक्के, म्हणजे पाणी वजा जाता १.२ किलो चारा-खुराक खाते. त्यातला सुबाभूळ ३० टक्क्यांच्या आत, म्हणजे कोरडा ३६० ग्रॅम. ओल्या पाल्यात कोरडा भाग साधारण ३० टक्के धरला तर ओला १.२ किलो. तोलताना जाड काड्या धरू नका, त्या गव्हाणीतच उरतात. शून्यावरून या प्रमाणावर यायला दोन आठवडे घ्या.

या १.२ किलोतली प्रथिने अशी. सुबाभूळ २२ टक्के, म्हणजे ७९ ग्रॅम. कडबा कुट्टी ६०० ग्रॅम, ४ टक्क्यांनी २४. मका भरडा १४० ग्रॅममधून १३, शेंगदाणा पेंड १०० ग्रॅममधून ४२. बेरीज १५८ ग्रॅम, म्हणजे १३ टक्के. दूध देणाऱ्या शेळीचे यावर जेमतेम भागते. रिकाम्या (गाभण किंवा दुभती नसलेल्या) शेळीची पेंड निम्मी करा. नुसत्या कडब्यावर पोटातले जिवाणूच उपाशी राहतात, ७ टक्क्यांखाली चारा खाणेही घटते. म्हणून पाला हवाच, पण कडब्याच्या जोडीने.

सुबाभळीत सोडियम फार कमी आणि फॉस्फरसही बेताचा. गव्हाणीत मीठ-खनिजाची वीट टांगा, थोडा गव्हाचा कोंडा द्या.

माळरान: गाभण शेळ्यांना मग कोणता पाला? आणि उन्हाळ्यासाठी सुबाभूळ वाळवून ठेवला तर विष जाते का?

चारापाणी: शेवरी किंवा हदगा. दोन्हींत मिमोसिन नाही, प्रथिने सुबाभळीच्या तोडीची. बांधावर लावायचे तर शेवरी, कापणीला ती लवकर येते. बाभळीचा पाला थोडाच, त्यातले टॅनिन प्रथिने बांधून ठेवते.

वाळवल्याने मिमोसिन कमी होते, संपत नाही, म्हणून ३० टक्क्यांची मर्यादा वाळल्या पाल्यालाही. कडक उन्हात पाने गळून काड्याच उरतात. ताडपत्री अंथरून सावलीत वाळवा, दिवसातून दोनदा हलवा, पान चुरचुरले की गोणीत भरा.

भरडा: गिरिपुष्पाला शेळ्या वासामुळे तोंड लावत नाहीत. संध्याकाळी तोडून रात्रभर पसरून सुकवा, सकाळी उपाशीपोटी कुट्टीत मिसळून गूळपाणी शिंपडा. आधी मूठभर, मग वाढवा. मात्र ढिगात तापून बुरशी आलेला पाला कधीच देऊ नका. त्यातल्या कुमारिनपासून बुरशी रक्त गोठू न देणारे विष बनवते. बुरशी दिसली तर तो ढीग सरळ खताच्या खड्ड्यात.