लिव्हरपूलची ब्रॅम्ली-मूर गोदी बुजवून त्यावर स्टेडियम: वारसा वाचला की गाडला?

(ही चर्चा आहे; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

गोदीकाठ

लिव्हरपूलचा एव्हर्टन फुटबॉल क्लब १८९२पासून गुडिसन पार्कवर खेळत होता. मे २०२५मध्ये पुरुष संघाने तिथला शेवटचा सामना खेळला आणि ऑगस्टपासून तो मर्सी नदीच्या काठावर नव्या हिल डिकिन्सन स्टेडियममध्ये आला. आसनं ५२,७६९. हे मैदान ब्रॅम्ली-मूर गोदीच्या पोटात उभं आहे, आणि माझा वाद त्याच्याशीच आहे.

ही गोदी लिव्हरपूलच्या गोद्यांचा अभियंता जेसी हार्टली याने बांधली. ४ ऑगस्ट १८४८ला सॉल्सबरी, कॉलिंगवूड, स्टॅन्ली, नेल्सन आणि ब्रॅम्ली-मूर अशा पाच गोद्या एकाच दिवशी खुल्या झाल्या. एकीतून दुसरीत जहाज न्यायच्या वाटा, भरती-ओहोटीला तोंड देणारे दरवाजे, स्टॅन्लीतून वर लीड्स-लिव्हरपूल कालव्याकडे चढणारी चार लॉक्स (बोटी वर-खाली नेणारे दरवाज्यांचे पाण्याचे कप्पे), असं सगळं मिळून ते एकच यंत्र होतं. मर्सीला मोठ्या उधाणाच्या दिवशी पाणी दहा मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. अशा नदीशेजारी पाण्याची पातळी धरून ठेवणं हाच गोदीचा सगळा उद्योग. पाणी काढलं तर उरते ती ग्रॅनाइटची चौकट.

फेब्रुवारी २०२१मध्ये नगर परिषदेने परवानगी दिली. ऐतिहासिक वास्तूंबाबत सरकारला सल्ला देणाऱ्या हिस्टॉरिक इंग्लंडने त्याआधीच हरकत घेतली होती: गोदी बुजवणं ही संरक्षित वास्तूची भारी हानी आहे. २१ जुलै २०२१ला युनेस्कोच्या समितीने १३ विरुद्ध ५ मतांनी लिव्हरपूलला जागतिक वारसा यादीतून काढलं. त्याआधी असं दोनच स्थळांच्या वाट्याला आलं होतं, ओमानचं ओरिक्स अभयारण्य आणि ड्रेस्डेनचं एल्ब खोरं. २००४ साली मिळालेला मान १७ वर्षांत गेला.

मिडल्सबरोने १९९५मध्ये रिव्हरसाइड स्टेडियम बांधलं ते गोदीच्या शेजारी. पाणी तिथे आजही आहे. इथे तसं का जमू नये?

तळखडक

पहिल्यांदा यादीचा हिशेब नीट मांडू. लिव्हरपूल युनेस्कोच्या धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत गेलं ते २०१२ साली, उत्तरेच्या गोद्यांवर उंच इमारतींची लिव्हरपूल वॉटर्स ही योजना आल्यावर. तेव्हा स्टेडियमचा अर्जही नव्हता. स्टेडियमने शेवटचा धक्का दिला हे मान्य. सगळा दोष त्याच्या माथी मारणं बरोबर नाही.

आता भरावाकडे येतो, कारण ‘बुजवली’ म्हटलं की डोळ्यांसमोर ट्रकने ओतलेला राडारोडा येतो. प्रत्यक्षात तसं काही झालं नाही.

गोदीची भिंत स्वतःच्या वजनावर उभी असते. तिच्या पाठीमागे माती आणि त्या मातीत मुरलेलं पाणी, पुढे गोदीतलं पाणी. पुढचं पाणी घाईने उपसलं तर मागचं त्याच वेगाने उतरत नाही, आणि त्या दाबाने भिंत गोदीच्या बाजूला सरकते किंवा कलते. जुन्या धक्क्यांच्या भिंती कोसळण्याचं हे ठरलेलं कारण. त्यामुळे आधी गोदी कोरडी करून मग भराव घालणं हा आत्मघात ठरला असता. इथे मासे काढून दुसरीकडे हलवले आणि आयरिश समुद्रात सुमारे वीस मैलांवरून ड्रेजरने उपसलेली वाळू पाण्यात मिसळून पाइपातून सोडली. साडेचार ते पाच लाख घनमीटर. वाळू खाली बसत गेली, पाणी बाहेर जात राहिलं आणि भिंतीला एक क्षणही आधार सुटला नाही.

पाण्यातून बसलेली वाळू सैल असते. ती तशीच ठेवली तर वर्षानुवर्षं दबत राहते, म्हणून कंपन देणारा दांडा खोलवर घालून ती घट्ट केली. त्यानंतर सुमारे २,५०० पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे पायाचे खांब, खालच्या वालुकाश्मापर्यंत नेले. कुणी विचारेल की वजन पाइलवर आहे तर वाळू घट्ट करायचा खर्च कशाला? दोन कारणं. गटारं, केबलच्या नळ्या आणि बाहेरचं पटांगण पाइलवर नसतं, ते वाळूवर बसतं. दुसरं, पाइलच्या भोवतीची वाळू खाली बसू लागली की ती पाइललाही खाली ओढते. मग त्या पाइलला स्टँडबरोबर वाळूचंही ओझं वाहावं लागतं.

हार्टलीची भिंत या वाळूखाली शाबूत आहे. वरच्या कडेचे दगड, दोर बांधायचे खुंट, रूळ आणि फरसबंदी जागोजाग उघडी ठेवली आहे. गोदीची यंत्रं पाण्याच्या दाबावर चालवण्यासाठीचा १८८३चा हायड्रॉलिक मनोरा मोडकळीला आला होता, तो दुरुस्त झाला. ‘वास्तू वाचवा’ म्हणणाऱ्यांनी हेही मोजावं.

गोदीकाठ

तळखडक, भरावाची पद्धत चोख होती हे मी नाकारत नाही. पण या प्रस्तावाबाबत वारंवार सांगितलं गेलं की हे उलटवता येईल, उद्या स्टेडियम काढलं की वाळू उपसून गोदी परत मिळेल. २,५०० पाइल त्या वाळूतून खडकात गेले आहेत. ते कापणार की उपटणार? उपटले तर गोदीचा तळ फाटेल, कापले तर बुंधे तळात राहतील. आणि वाळू परत काढताना भिंतीला तोच धोका, जो तुम्ही वर सांगितला, फक्त उलट क्रमाने. कागदावर उलटवता येणं आणि प्रत्यक्षात कुणी उलटवणं यात शंभर वर्षांचं अंतर आहे. जे परत येणार नाही त्याला ‘तात्पुरतं झाकलं’ म्हणू नका.

काटकोन

शेजारी का नाही, या प्रश्नाचं उत्तर भूमितीत आहे.

दक्षिण स्टँड एकसंध आहे, १३,००० माणसांचा. त्याचा उतार ३४.९९ अंश, कारण मर्यादा ३५ची. हा आकडा कुठून येतो? पायरी ८०० मिलिमीटर रुंद आणि ५६० उंच धरा. गुणोत्तर ०.७, म्हणजे ३४.९९ अंश. आता मागच्या एखाद्या रांगेचं गणित करू. मैदानाच्या कडेपासून डोळा ५० मीटर लांब आणि ३० मीटर उंच. ५६०ची पायरी दिली तर प्रेक्षकाची नजर पुढच्याच्या डोळ्यांवरून जवळजवळ ८ सेंटिमीटर वरून जाते. तीच पायरी ५००ची केली, म्हणजे उतार ३२ अंश, तर उरतात फक्त २ सेंटिमीटर. समोरच्याने टोपी घातली की कडेचा चेंडू दिसेनासा झाला. उतार कमी करायचा तर स्टँड मागे पसरवावा लागतो. एवढा चढ देऊनही इमारतीने जवळजवळ पूर्ण गोदी व्यापली.

गोदीच्या पूर्वेला रीजंट रोडची संरक्षित भिंत, पश्चिमेला नदीची भिंत, उत्तरेला सांडपाणी शुद्धीकरण केंद्र, दक्षिणेला नेल्सन गोदी. शेजारी म्हणजे नेमकं कुठे? मिडल्सबरोला गोदीलगत मोकळी जमीन पडून होती. आणि ते केंद्र तरी कशावर आहे? बुजवलेल्या सँडन गोदीवर. गोदीकाठ ज्या साखळीबद्दल बोलतात तिची उत्तरेची कडी स्टेडियमच्या कितीतरी आधी तुटली होती. कालव्याची वाट स्टॅन्ली, सॉल्सबरी करत दक्षिणेला जाते, ब्रॅम्ली-मूर तिच्या वाटेत येतच नाही. बोटी आजही जातात.

पर्याय शोधलेच नाहीत असंही नाही. किंग्ज डॉकची योजना २००३मध्ये पैशाअभावी बारगळली. कर्कबीची २००९मध्ये सरकारने नाकारली. वॉल्टन हॉल पार्क २०१६मध्ये सोडून दिलं. गुडिसन पार्कच्या चारही बाजूंना घरांच्या रांगा आणि कोपऱ्यात चर्च, तिथे रुंदावायला वाव नव्हता.

रूळवाट

दोन्ही बाजू दगड आणि वाळूवर भांडताहेत. माझा आक्षेप माणसांच्या लोंढ्यावर आहे, आणि तो वारशाशी थेट जोडलेला आहे.

ब्रिटनमधल्या मैदान-सुरक्षेच्या नियमावलीत सपाट वाटेवर मीटरभर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं धरतात आणि स्टँडमधून बाहेर पडायला जास्तीत जास्त आठ मिनिटं. ५२,७६९ला ८२ गुणिले ८ने भागा: साधारण ८० मीटर मोकळी रुंदी. ती इमारतीच्या दारांची. पण बाहेर आल्यावर बहुतेकांना गाठायचा असतो रीजंट रोड, आणि तिथे हार्टलीची उंच ग्रॅनाइटची भिंत. ती बांधलीच होती चोरी थांबवायला आणि माणसं मोजून आत-बाहेर सोडायला. म्हणजे जी वास्तू जपायची तीच वाट अडवते. तिच्यात नवी दारं पाडावी लागली. कमी पाडली तर गर्दी तुंबते, जास्त पाडली तर भिंतीची भिंत राहत नाही. यावर शोधलेलं उत्तर मला पटतं: भिंतीच्या आत मोठं पटांगण ठेवायचं आणि माणसं तिथे विसावून टप्प्याटप्प्याने सोडायची. सामन्यानंतर लोक तासभर रेंगाळतील असं काही तिथे असेल तरच ते चालतं. पावसात आणि नदीवरून येणाऱ्या वाऱ्यात कुणी रेंगाळत नाही.

पुढचा अडथळा सँडहिल्स स्टेशन. चालत पंधरा मिनिटं, दोन रुळांच्या मधला एकच बेटासारखा फलाट. तीन मार्ग तिथे मिळतात, नेहमीच्या वेळापत्रकात प्रत्येकावर १५ मिनिटांनी गाडी, म्हणजे शहराकडे तासाला १२. चार डब्यांच्या नव्या गाडीत उभे-बसलेले मिळून सुमारे ४८० माणसं. तासाला जेमतेम ५,८००, तेही गाडी रिकामी आली असं धरून. दुहेरी गाड्या जोडल्या तर ११,६००. बाकीच्यांनी बस धरायची किंवा शहरापर्यंत अर्धा तास चालायचं. बांधकामाच्या आधी फलाट वाढवायला हवा होता. रांगा लावायला कठडे उभारणं म्हणजे लोंढा फलाटावरून रस्त्यावर ढकलणं.

काटकोन

रूळवाट, आकडे बरोबर आहेत, फक्त एक गोष्ट सुटली. गुडिसनवरूनही बरेच लोक चालत किंवा बसने जात. इथे शहराचं केंद्र चालण्याच्या टप्प्यात आहे, कर्कबीला ते कधीच नसतं. रीजंट रोडवर सामन्यानंतर रुंद पदपथ आणि गाड्यांना बंदी एवढं कायमचं केलं तर स्टेशनवरचा भार खूप हलका होईल.

भाऊचाधक्का

मुंबईचा एक संदर्भ द्यावासा वाटतो, कारण नातं जुनं आहे. १८६१ ते ६५च्या अमेरिकन यादवीत लिव्हरपूलला कापूस पाठवून मुंबई श्रीमंत झाली, आणि पुढच्या पंचवीस वर्षांत तिने आपल्या गोद्या बांधल्या: ससून १८७५, प्रिन्सेस १८८०, व्हिक्टोरिया १८८८. त्यातल्या प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या शतकात बुजवल्या, कंटेनर ठेवायच्या आवारासाठी. तिथे कुठल्या समितीने मतदान घेतलं नाही, काठाचा दगड कुठे दाखवायचा यावर नकाशे निघाले नाहीत. म्हणून मी तळखडकांच्या बाजूने आहे. भराव होणारच असेल तर तो असा व्हावा: भिंत जिवंत ठेवून, वरून तिची रेघ दिसेल असा.

गोदीकाठ

भाऊचाधक्का, मुंबईत वाईट झालं म्हणून लिव्हरपूलचं चांगलं ठरत नाही. प्रिन्सेस गोदीची दखलही न घेता ती गेली याचं दुःख मलाही आहे. पण तुमच्या उदाहरणातून मी उलटा निष्कर्ष काढतो: सगळे कायदे, सगळे सल्लागार, जागतिक मान्यता असूनही गोदी बुजते, तर जिथे यातलं काहीच नाही तिथे ससूनसारख्या चालत्या गोदीचं रक्षण कोण करणार?

काटकोन, जागेची भूमिती मला पटली. शेजारी बांधता आलं असतं हे म्हणणं मी मागे घेतो. त्यावरून आतच बांधायला हवं होतं हे मात्र सिद्ध होत नाही.

आता जे झालंय त्याबद्दल बोलतो. स्टेडियम आणि नदीची भिंत यांच्यामध्ये पश्चिमेला पाण्याची एक पट्टी राखली आहे, नेल्सन गोदीपासून उत्तरेकडे पाणी सलग दिसावं म्हणून. संपूर्ण आराखड्यात मला मनापासून आवडलेली ही एकच गोष्ट, आणि तीच सगळ्यात आधी बिघडेल. अरुंद, तीन बाजूंनी बंद पाण्यात प्रवाह राहत नाही. उन्हाळ्यात शेवाळ धरतं, वाऱ्याने सामन्याचे प्लास्टिकचे पेले त्याच कोपऱ्यात जमतात, गाळ साचला की खोली कमी होते.

तळखडक

पाण्याची पट्टी बिघडेल हे खरं आहे, उपायही अवघड नाही. शेजारच्या गोदीतून पाणी फिरतं ठेवायला पंप, पृष्ठभागावर तरंगता अडसर आणि ठरलेल्या काळाने गाळाची खोली मोजणं. माझी काळजी वेगळी आहे. पट्टीच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला वाळूचा भराव आणि वर हजारो माणसांचं ओझं. भरावाच्या त्या कडेला धरणारा बांध आणि जुनी भिंत जिथे भेटतात तो सांधा सगळ्यात नाजूक. भिंत कठीण आणि पावणेदोनशे वर्षं स्थिरावलेली, बांध नवा. दोन्ही वेगवेगळ्या गतीने बसतात. सांध्यातून बारीक वाळू पाण्याबरोबर झिरपत राहिली तर वर फरसबंदी आधी दबते, मग खड्डा पडतो, तोवर आतून पोकळी झालेली असते.

गोदीकाठ

मग हेच मागू या. जुन्या भिंतीच्या काठावर आणि त्या सांध्यावर पातळी मोजायच्या खुणा कायमच्या बसवाव्यात, वर्षातून दोनदा, उधाणाच्या (मोठ्या) आणि भांगाच्या (लहान) भरतीला मोजमाप घ्यावं, आणि ते आकडे नगर परिषदेने लोकांसाठी खुले ठेवावेत. फरसबंदीचे दगड कुठे पाच मिलिमीटर खाली गेले हे क्लबला कळतं तसं शहरालाही कळायला हवं. ती भिंत वाळूखाली असली तरी शहराची आहे.