माळकरी मामा श्रावणात गोव्याला येताहेत. जेवायला न्यायचं कुठे?

म्हापशाची_सून
लग्न होऊन म्हापशाला आले त्याला अकरा वर्षं झाली, तरी हा प्रश्न सुटलेला नाही. फलटणचे मामा-मामी श्रावणात चार दिवस येणार आहेत. मंगेशी, म्हार्दोळ, कवळ्याची शांतादुर्गा करायची आहे. मामा माळकरी. त्यात चातुर्मास, म्हणजे कांदा-लसूण-वांगीही बंद.

मागच्या खेपेचा अनुभव सांगते. समुद्राकाठच्या एका हॉटेलात मी तीनदा बजावून भोपळ्याची भाजी मागवली. दोन घास झाले आणि मामांनी ताटातून एक बारीक गुलाबी आकडा उचलला. "ही कुठली डाळ गं?" मी वेटरकडे पाहिलं. तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "मांस ना बाय, सुकी सुंगटां." म्हणजे सुकी कोलंबी! मामा विठ्ठल विठ्ठल करत बाहेर गेले आणि पुढचे दोन दिवस केळी-दुधावर राहिले. मामी मात्र मला हळूच म्हणाली, "वास चांगला येत होता हो."

पनीर बटर मसाला कुठेही मिळतो, ते सांगू नका. गोव्यात येऊन त्यांनी पनीर का खावं?

मडगांवचो_भुरगो
ताई, 'व्हेज' म्हणूच नका, 'शिवराक' म्हणा. आमच्याकडे भोपळा, भेंडी, गवार, कशातही चवीपुरती सुंगटां पडतात आणि तिला भाजीच म्हणतात. सोमवारी किंवा श्रावणात पाळतात ते शिवराक. वर थेट विचारा, "तातूंत सुंगटां आसात?" यावर कोणी गोलमाल उत्तर देत नाही.

दुसरं, तवा. नीरफणसाची कापं रवा लावून तळलेली, दिसायला एकदम सोवळी. पण त्याच तव्यावर आधी इसवण, म्हणजे सुरमई, तळलेला असतो. तेल वेगळं आहे का, ते विचारा. नसेल तर सोलकढी-भात घ्या आणि गप्प बसा.

फोंड्याची_माई
अगो, देवळांना येणार आहेत तर काळजी कसली? देवळाच्या आवारातल्या कॅन्टीनमध्ये शिवराकच मिळतं. फक्त कांदा आहे का, ते विचारून घे. कुठल्या देवळात महाप्रसाद असेल तर सोडू नकोस, त्यात कांदा-लसूण नसतोच.

आणि खतखतें खायला घाल त्यांना. पाच तरी भाज्या, तुरीची डाळ, नारळ, गूळ आणि वरून तेफळां. तेफळाच्या वासाने मामा दचकतील, कारण बांगड्याच्या हुमणातही, म्हणजे कालवणातही, तेच असतं. त्यांना आधीच सांगून ठेव की हे झाडाचं फळ आहे, माशाचा अवयव नव्हे! मुगागाठी (मोड आलेल्या मुगाची) कर, तायकिळ्याची, म्हणजे टाकळ्याची, भाजी कर. हॉटेलात कांद्याशिवाय यातलं क्वचितच काही मिळेल. नागपंचमीच्या पातोळ्या मिळाल्या तर बघ, हळदीच्या पानात उकडलेल्या. पंधरा ऑगस्टला सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, फेस्ताला ख्रिस्ती घरांतही त्या करतात.

पणजी_पाववाला
सकाळच्या भाजी-पावाचं कुणी बोललंच नाही! पणजीत कॅफे टाटोला पातळ भाजी आणि पाव. कांदा असतो, म्हणून मामांना नको, पण तुम्ही जाऊन या, एवढं करताय तर.

दोन गोष्टी. पोदेर, म्हणजे पाववाले, पूर्वी पाव फुगवायला माडाची सूर (माडी) घालायचे. आता बहुतेक ठिकाणी यीस्ट असतं, तरी कट्टर माळकऱ्याला हे आधी सांगितलेलं बरं. आणि 'गोव्याचं गोड' म्हणून बेबिंका देऊ नका, त्यात अंड्याचा बलक असतो आणि तोही बराच. त्याऐवजी दोदोल द्या. तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि काळा गूळ, बस.

म्हापशाची_सून
माई, तुमचा शब्द खरा. दोन दिवस देवळाकडेच जेवायचं, एक दिवस घरी खतखतें. तेफळां सासूबाईंनी डब्यात सुकवून ठेवलीत, मला अकरा वर्षांत दिसली नव्हती.

आत्ताच मामांना फोन केला आणि पावातल्या सुरेचं सांगितलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पाव नको. पण ते काळ्या गुळाचं काय म्हणालीस, ते अर्धा किलो आणून ठेव."