तेझुकांनी मागे ठेवलेले टेबल
आवडत्या चित्रकथाकाराने लहानपणी आपुलकीने वागवल्याच्या आठवणी इथे निघाल्या आहेत, त्यांत जपानमधील एका प्रसंगाची भर घालावीशी वाटते. ताकाओका गावचे हिरोशी फुजिमोतो आणि मोतोओ अबिको हे शाळकरी मित्र जपानी चित्रकथाकार ओसामु तेझुका यांचे निस्सीम चाहते होते. त्यांच्या पत्राला तेझुकांनी उत्तर पाठवले, आणि १९५२ मध्ये ही मुले आपली हस्तलिखिते घेऊन थेट ताकाराझुका या गावी तेझुकांच्या घरी पोहोचली, तेव्हा त्यांनी ती आस्थेने पाहिली. मला मात्र त्यापुढची गोष्ट अधिक मोलाची वाटते. १९५४ मध्ये दोघे टोकियोत आले, तेव्हा तोकिवा-सो या इमारतीतील आपली साडेचार तातामींची (तातामी म्हणजे जमिनीवर अंथरायची चटई, खोलीचे माप तिच्यावरून सांगतात), म्हणजे जेमतेम ८० चौरस फुटांची खोली तेझुकांनी त्यांना दिली. अनामत रकमेचे ३०,००० येन परत न घेता तसेच राहू दिले आणि स्वतःचे कामाचे टेबलही तिथेच ठेवले. परक्या शहरात डिपॉझिटसाठी वणवण केलेल्या कोणालाही या मदतीचे मोल सांगावे लागणार नाही. आपल्याकडची मुले टीव्हीवर ज्याच्यासाठी हटून बसतात, तो डोरेमॉन पुढे याच फुजिमोतोंनी घडवला.